दोन पाणकावळे



ठाण्याच्या खाडीवर जा किंवा गोव्यात मांडवीतल्या चोडण बेटावर. पाण्यात रोवलेल्या खांबांवर काळे पक्षी पंख पसरून बसलेले दिसतील. त्यांची पिसं पाण्याने भिजतात. त्यामुळे अंग जड होऊन बुडी मारणं सोपं जातं, पण मग पंख वाळवावे लागतात. या सगळ्यांना आपण ‘पाणकावळा’ म्हणून मोकळे होतो. खरं तर त्या खांबांवर पुष्कळदा दोन जाती शेजारी-शेजारी बसलेल्या असतात, लहान पाणकावळा आणि भारतीय पाणकावळा.

लहान सुमारे 50 सेंटिमीटर लांब, भारतीय सुमारे 63. आकडे बरोबर आहेत, पण एकटाच पक्षी पोहत असला की ते कामाला येत नाहीत. अंग बरंचसं पाण्याखाली असतं. वर दिसते ती मान आणि डोकं. म्हणून नजर तिथेच ठेवा.

लहान पाणकावळ्याची चोच आखूड, जाडसर. कपाळ चोचीपासून एकदम उभं चढतं, त्यामुळे डोकं गोल वाटतं. भारतीय पाणकावळ्याची चोच लांब आणि सडपातळ, टोकाशी आकडीसारखी वळलेली. त्याचं कपाळ उतरतं, मान बारीक. दुर्बीण असेल तर डोळा बघाच. प्रौढ भारतीय पाणकावळ्याचा डोळा निळसर हिरवा असतो आणि ऊन चेहऱ्यावर आलं की असा चमकतो की एकदा पाहिलेला विसरत नाही. लहानाचा डोळा काळपट असतो.

पांढऱ्या पिसांवर मात्र विसंबू नका. विणीच्या दिवसांत, म्हणजे आपल्याकडे पावसाळ्यात, ती दोघांच्याही डोक्यावर येतात. लहानाच्या कपाळावर आणि बाजूंना विरळ तंतू, भारतीयाच्या डोळ्यामागे झुपका. वीण सरली की दोन्ही गळून जातात.

स्वभावातला फरक मला सर्वांत मोलाचा वाटतो. भारतीय पाणकावळे थव्याने मासे धरतात. थवा पाण्यावर आडवा पसरतो, बुड्या मारत मासळी पुढे रेटतो; मागे पडलेले उडून पुढे येऊन उतरतात. मासळी उथळ पाण्यात कोंडली की बगळे आयते धावून येतात. लहान पाणकावळा बहुधा एकेकटा. गावतळं, भातखाचराशेजारचा ओढा, एवढंसं पाणीही त्याला पुरतं. मासा वर आणून तो हवेत उडवतो आणि डोक्याकडून गिळतो. दिसायला दोघे सख्खे भाऊ, पण शास्त्रज्ञांनी त्यांना वेगवेगळ्या प्रजातींत, म्हणजे जातीच्या वरच्या गटांत, घातलं आहे. भारतीय पाणकावळ्याचं नातं लहानापेक्षा ‘मोठा पाणकावळा’ या थोराड जातीशी जवळचं आहे.

दर जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना होते. त्या वहीत ‘पाणकावळे, इतके’ अशी एकच ओळ पडली, तर खाडीवरून थव्याने मासे धरणारा पक्षी हळूहळू नाहीसा झाला तरी कुणाला कळणार नाही. लहानांची संख्या त्याची उणीव झाकून टाकेल. म्हणून जात नीट पाहून लिहा. दूरचा पक्षी ओळखू आला नाही, तर नुसतं ‘पाणकावळा’ लिहा, अंदाजाने जात लिहू नका.

आणि त्याच खांबावर सरळ, भाल्यासारख्या चोचीचा, आकडी नसलेला, खूप लांब मानेचा पक्षी दिसला, तर तो पाणकावळा नव्हेच. तो तिरंदाज. त्याच्याविषयी पुढच्या भाषणात.