शरीराला नावे ठेवू नका
(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



शिक्षक व्यासपीठावर आला की तो अभ्यास, परीक्षा आणि शिस्त यांवर बोलणार, अशी आपली सर्वांची समजूत असते. आज मी शरीराविषयी, विशेषतः आपल्या वाढत्या वयाच्या मुलींच्या शरीराविषयी बोलणार आहे. पुरुष शिक्षकाने हा विषय घ्यावा काय, असे काहींच्या मनात येईल. हा विषय मर्यादा सांभाळूनही मांडता येतो. शिवाय तो न मांडल्यामुळे होणारे नुकसान वर्गात आणि मैदानावर आम्हा शिक्षकांना रोज दिसते.

आठवी-नववीत आल्यावर कित्येक मुली धावण्याच्या शर्यतीतून एकाएकी नाव काढून घेतात. विचारले तर "सर, पाय दुखतात" एवढेच उत्तर मिळते. अशाच एका मुलीला आमच्या सहकारी बाईंनी विश्वासात घेऊन विचारले, तेव्हा खरे कारण कळले. लग्नघरी कपडे बदलताना एक नातेवाईक बाई चारचौघींत हसून म्हणाल्या होत्या, "अगं, या वयात मांड्यांना खड्डे पडले, पुढे कसं होणार हिचं?" त्या दिवसापासून मुलीने धावणे सोडले, सकाळचा नाश्ता सोडला आणि साठवलेल्या पैशांतून कसलेसे मलम मागवले. पुढे ती प्रार्थनेच्या वेळी चक्कर येऊन पडली. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन कमी निघाले. औषधाने रक्त भरून आले, पण मुलगी मैदानावर अजून परतलेली नाही.

बोलणाऱ्या बाई वाईट नव्हत्या. त्यांना माहिती नव्हती, इतकेच. म्हणून आधी माहिती घेऊ.

त्वचेवर दिसणाऱ्या त्या खळग्यांना 'सेल्युलाईट' म्हणतात. मांड्या, कमरेखालचा भाग आणि कधी पोट येथील त्वचा संत्र्याच्या सालीसारखी उंचसखल दिसते. याचे कारण समजून घ्यायचे असेल तर पिंजाऱ्याने भरलेली गादी डोळ्यांपुढे आणा. पिंजारी कापूस भरतो आणि मग दाभणाने आरपार टाके घालतो. टाका जेथे असतो तेथे खळगा पडतो आणि दोन टाक्यांच्या मध्ये कापूस फुगून वर येतो. आपल्या त्वचेखालीही चरबीचा थर असतो व त्यातून चिवट तंतूंचे पडदे जातात. हे तंतू त्वचेला खालच्या थरांशी बांधून ठेवतात. स्त्रियांमध्ये ते बहुतांशी उभे असतात, म्हणून गादीच्या टाक्यांप्रमाणे त्वचा जागोजागी खाली ओढली जाते. पुरुषांमध्ये ते तिरपे, एकमेकांना छेदत, जाळीसारखे असतात आणि त्यांची त्वचाही जाड असते. म्हणून पुरुषांत हे खळगे क्वचितच दिसतात.

मुलगी वयात आली की शरीरातील इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे मांड्या व कंबर येथे चरबी साठू लागते. ही निसर्गाची योजना आहे. वयात आलेल्या स्त्रियांपैकी शेकडा ऐंशी ते नव्वद जणींना कमी-अधिक प्रमाणात सेल्युलाईट असते, असे वैद्यकशास्त्र सांगते. दहांपैकी आठ-नऊ जणींना जे असते, त्याला व्यंग कसे म्हणायचे? ते सडपातळ मुलींनाही असते. आई-आजीकडून आलेली शरीराची ठेवण, वय, गरोदरपण आणि वजनातील चढउतार यांनुसार ते कमी-जास्त दिसते. वजन कमी केल्याने काहींचे खळगे फिके होतात, तर त्वचा सैल पडल्याने काहींचे अधिक उठून दिसतात. शरीरात 'विष' साठल्याने किंवा अस्वच्छतेने ते होतात, हा समज चुकीचा आहे. त्यांपासून आरोग्याला धोका नाही.

मग ही लाज आली कोठून? विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रान्समधील सौंदर्यविषयक नियतकालिकांनी हा शब्द स्त्रियांच्या तोंडी बसवला. १९६८ साली अमेरिकेतील 'व्होग' मासिकाने तो इंग्रजी वाचकांपुढे आणला आणि १९७३ साली न्यूयॉर्कमध्ये सौंदर्यकेंद्र चालवणाऱ्या निकोल रोन्सार्ड यांच्या पुस्तकाने तो घरोघर पोहोचवला. तोपर्यंत ज्या त्वचेकडे कोणी रोग म्हणून पाहिले नव्हते, तिच्यावर उपाय विकले जाऊ लागले. १९७८ साली न्यूर्नबर्गर आणि म्युलर या जर्मन डॉक्टरांनी त्वचेखालील रचनेचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्वचेखालील उभ्या तंतूंविषयी मी जे सांगितले, ते याच अभ्यासामुळे सर्वज्ञात झाले. आपल्या लेखाच्या शीर्षकातच त्यांनी सेल्युलाईटला बनवलेला रोग म्हटले.

तरीही बाजार थांबला नाही. २०११ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 'निव्हिया'च्या एका क्रीमवर आक्षेप घेतला. ते लावल्याने शरीराचा घेर कमी होतो, हा दावा निराधार असल्याचे आयोगाचे म्हणणे होते. कंपनीने नऊ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवले. २०२० साली त्याच देशात हे तंतू विरघळवणाऱ्या एका इंजेक्शनला सरकारी मान्यता मिळाली, परंतु त्वचेवर काळेनिळे डाग पडतात व रंग बराच काळ बदललेला राहू शकतो या चिंतेमुळे कंपनीनेच २०२२ च्या अखेरीस त्याची विक्री थांबवण्याचे जाहीर केले. मलमाने वा मालिशने फरक पडला, तरी तो थोडा आणि तात्पुरता असतो. त्वचेवरून चोळलेले मलम खोलवरच्या तंतूंची रचना बदलू शकत नाही, एवढे विज्ञान तर आमच्या दहावीच्या मुलालाही समजते.

आपल्याकडची गोष्टही वेगळी नाही. गोरे करण्याचे आश्वासन देणारी 'फेअर अँड लव्हली' १९७५ साली बाजारात आली आणि तिच्या नावातला 'फेअर' हा शब्द जायला २०२० साल उजाडावे लागले. औषधे व चमत्कारिक उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना आळा घालणारा कायदा आपल्या देशात १९५४ पासून आहे. लठ्ठपणा घालवण्याचे आणि उंची वाढवण्याचे दावे त्याच्या कक्षेत येतात. पण कायदा मोबाईलच्या पडद्यावर पहारा देऊ शकत नाही. त्या पडद्यावरचे चेहरे आणि पाय यंत्राने गुळगुळीत केलेले असतात. विद्यार्थिनींनो, ज्या चित्राशी तुम्ही स्वतःची तुलना करता, त्या चित्रातली बाईसुद्धा प्रत्यक्षात तशी दिसत नाही, हे ध्यानात ठेवा.

आता आपल्या दीनकडे वळू. सूरह अल्-हुजुरातमध्ये एकमेकांची टवाळी करण्यास आणि वाईट नावांनी हाक मारण्यास मनाई आहे. तेथे पुरुषांना सांगून झाल्यावर स्त्रियांनी स्त्रियांची थट्टा करू नये, असे वेगळे बजावले आहे. हजरत अब्दुल्ला इब्न मसऊद (रजि.) यांच्या पिंढऱ्या फार बारीक होत्या. ते झाडावर चढले असता त्या पाहून काही साथीदारांना हसू आले. तेव्हा प्रेषित मुहंमद (स.) यांनी त्यांना समज दिली, की अल्लाहच्या तराजूत हे पाय उहुद पर्वताहूनही भारी ठरतील. तसेच एका प्रसंगी हजरत सफिय्या (रजि.) यांच्या ठेंगणेपणाचा उल्लेख झाला, तेव्हा हा एक शब्द समुद्रात मिसळला तर समुद्राचे पाणीही बिघडेल, असे त्यांनी सुनावले. कोणाच्या शरीराविषयी सहज निघालेला शब्द किती गंभीर मानला गेला, हे यावरून दिसते. मग लग्नाच्या बोलणीत मुलीला उभी करून, चालवून, तिच्या रंगाची, उंचीची व जाडीची चर्चा आपण कोणत्या आधाराने करतो?

अलीकडे 'बॉडी पॉझिटिव्हिटी' हा शब्द कानावर येतो. १९६९ साली अमेरिकेत जाड माणसांना सन्मानाने वागवावे यासाठी एक संघटना निघाली. त्या विचाराचा हा विस्तार आहे. काही पालकांना वाटते, की यामुळे मुले बेफिकीर होतील, वाटेल ते खातील. ही भीती अगदीच अनाठायी आहे, असे मी म्हणणार नाही. परंतु अनुभव असा, की ज्याला आपल्या शरीराची लाज वाटते तो त्याची निगा राखत नाही. तो ते लपवतो किंवा उपाशी मारतो. शरीराचा आपल्यावर हक्क आहे, अशी आपली शिकवण आहे. ज्याचा हक्क मान्य केला, त्याचीच काळजी माणूस घेतो.

ही काळजी कशी घ्यायची? पहिली गोष्ट रक्ताची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा ५७ जणींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी, म्हणजेच पंडुरोग, आढळला. १५ ते १९ वयाच्या मुलींत हे प्रमाण शेकडा ५९ होते. निरुपद्रवी खळग्यांची आपण चर्चा करतो आणि घरातली मुलगी जिना चढताना का धापा टाकते, हे मात्र विचारत नाही. तिला डाळ, उसळ, पालेभाजी, अंडे, मांस पोटभर द्या. मटणाचा चांगला तुकडा मुलाच्या ताटात आणि रस्सा मुलीच्या ताटात, असे होऊ देऊ नका. जेवणावर लिंबू पिळा. जेवणाला लागूनच चहा देऊ नका, त्याने अन्नातील लोह अंगी लागत नाही. शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी पिशवीत ठेवून फेकू नका. आणि रमजानचे रोजे ही इबादत आहे, त्यांना वजन उतरवण्याची युक्ती समजू नका.

दुसरी गोष्ट हालचालीची. पाच ते सतरा वर्षांच्या मुलामुलींनी रोज सरासरी साठ मिनिटे अंगमेहनतीचा खेळ वा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे. पूर्ण लांबीची पँट घालून, डोके झाकूनही मुलगी उत्तम धावू शकते. तिच्या पोशाखाचा प्रश्न घरी बसून सोडवा, त्यासाठी तिचे मैदान बंद करू नका. व्यायामाने खळगे जातील, असे आमिष मात्र तिला दाखवू नका. व्यायामाने दम वाढतो, हाडे बळकट होतात आणि झोप लागते, हे लाभ काय थोडे आहेत?

तिसरी गोष्ट खऱ्या लक्षणांची. 'सेल्युलायटिस' हा नावाने जवळचा, पण अगदी निराळा आजार आहे. तो जंतुसंसर्ग आहे. त्यात त्वचा लाल, गरम व दुखरी होते, सूज पसरते, ताप येतो. अशा वेळी हळदीचा लेप लावून वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. एकच पाय सुजत असेल तरीही तपासून घ्या. कारणे अनेक असू शकतात, त्यांत हत्तीरोगही येतो. मुलाच्या वा मुलीच्या मानेवर काळसर, जाड, मखमलीसारखी त्वचा दिसली, तर कित्येक माता मळ समजून ती घासतात. तो मळ नसतो. पुढे मधुमेह होण्याचा तो इशारा असू शकतो. घासणे थांबवा आणि साखर तपासून घ्या. उंची भरभर वाढताना मांडीवर, पाठीवर उमटणाऱ्या रेघांना मात्र घाबरण्याचे कारण नाही. त्या मुलग्यांनाही येतात आणि कालांतराने फिक्या पडतात.

मुलग्यांनो, तुम्हीही ऐका. "काडी", "जाड्या", "बुटका" या हाका तुम्ही गंमत म्हणून मारता. ज्याला ती हाक येते, त्याने पाणी कमी पिऊन, जेवण टाळून किंवा डब्यातली भुकटी खाऊन शरीर बदलण्याचा प्रयत्न केला, तर त्यात तुमचाही हिस्सा असतो.

अम्मी, खाला, फुफी आणि दादी यांना माझी हात जोडून विनंती आहे. मुलीची ईदची सलवार घट्ट झाली, तर "सलवार लहान झाली" असे म्हणा, "तू जाड झालीस" असे म्हणू नका. वाक्य एवढेच बदलायचे आहे. वडिलांनाही सांगणे आहे, की स्थळ पाहायला जाल तेव्हा मुलीचे शिक्षण आणि स्वभाव विचारा. घरी परतल्यावर तिच्या शरीराची चर्चा आपल्या मुलींच्या देखत करू नका. त्या ऐकत असतात आणि रात्री आरशापुढे उभ्या राहून स्वतःला मोजत असतात.

आम्हा शिक्षकांकडून एक गोष्ट मी येथे कबूल करतो. खेळाच्या तासाला कोणत्याही मुलाच्या वा मुलीच्या शरीरावरून शेरा मारला गेला, तर तो शिस्तभंग समजला जाईल. येत्या क्रीडामहोत्सवासाठी मुलींची नावे पुढील आठवड्यात लिहून घेणार आहोत. पालकांनी संमतीपत्रावर सही करून ते वेळेवर पाठवावे.

 अल्लाह आपल्या मुलामुलींना निरोगी शरीर, विद्या आणि निर्भय मन देवो. आमीन. खुदा हाफिज.