लेखणीवरची बंदी



फिलाडेल्फिया या अमेरिकन शहराचें नांव महाराष्ट्रांतील सुशिक्षित घरांना परकें नाहीं. तेथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी आनंदीबाई जोशी यांनीं १८८६ च्या मार्चमध्यें मिळविली, आणि त्या समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. पुढच्याच वर्षीं त्याच शहरांत एका विख्यात डॉक्टरानें एका अमेरिकन तरुणीस अगदीं उलट आज्ञा केली. होतां होईल तों घरगुती आयुष्य कंठावें, मूल सदैव जवळ बाळगावें, जेवणानंतर तासभर पडून राहावें, दिवसाकाठीं बुद्धीचें काम फार तर दोन तास करावें, आणि लेखणी, कुंचला वा पेन्सिल यांस जन्मांत पुन्हां स्पर्श करूं नये! डॉक्टरांचें नांव सायलस वीअर मिचेल. ती तरुणी म्हणजे पुढें शार्लट पर्किन्स गिल्मन या नांवानें गाजलेली लेखिका. ही बंदी झुगारून त्यांनीं काय लिहिलें, तें आज सांगावयाचें आहे.

शार्लटबाईंचा जन्म १८६० सालीं कनेक्टिकट संस्थानांतील हार्टफर्ड येथें झाला. वडील घर सोडून गेले, आईनें हलाखींत मुलें वाढविलीं, शाळेचें शिक्षण तुटकच झालें. कुळ मात्र नामांकित होतें; गुलामगिरीविरुद्ध 'अंकल टॉम्स केबिन' ही कादंबरी लिहिणाऱ्या हॅरिएट बीचर स्टो या त्यांच्या वडिलांच्या मावशी. १८८४ सालीं चार्ल्स वॉल्टर स्टेट्सन या चित्रकाराशीं त्यांचा विवाह झाला, १८८५ सालीं मुलगी झाली, आणि त्यानंतर मनाला जी विषण्णता आली ती कांहीं केल्या हटेना. म्हणून त्या मिचेल यांच्याकडे गेल्या. अंथरुणांत पडून राहणें, भरपूर खाणें आणि बुद्धीला शीण न देणें, हा त्यांचा 'विश्रांति-उपचार' प्रसिद्ध होता. घरीं परतल्यावर बाईंनीं सुमारें तीन महिने ती आज्ञा पाळली, आणि त्या बुद्धिभ्रंशाच्या अगदीं कांठावर येऊन पोंचल्या. मग आज्ञा बाजूस सारून त्या कामाला लागल्या, तेव्हां कोठें प्रकृति कांहीं अंशीं सांवरली.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. ओवेन विस्टर नांवाचा तरुण असाच खचला, तेव्हां याच डॉक्टरांनीं त्यास १८८५ सालीं पश्चिमेकडील मोकळ्या मुलुखांत जाण्याचा सल्ला दिला. तो वायोमिंगमध्यें गेला, घोड्यावर हिंडला, शिकार केली, रोजनिशी लिहिली. आणि त्याच अनुभवांतून १९०२ सालीं 'द व्हर्जिनियन' ही त्याची कादंबरी निघाली. पुरुषाला रान आणि स्त्रीला अंथरूण!

१८९२ च्या जानेवारींत 'न्यू इंग्लंड मॅगझिन'मध्यें बाईंची 'द यलो वॉलपेपर' ही कथा आली. वॉलपेपर म्हणजे भिंतींना चिकटविण्याचा नक्षीदार कागद. आजारी पत्नीला तिचा डॉक्टर पति उन्हाळ्यापुरत्या भाड्यानें घेतलेल्या वाड्यांत, माडीवरच्या खोलींत ठेवतो. खिडक्यांना गज, भिंतींना किळसवाणा पिंवळा कागद. पति प्रेमानें बोलतो, काळजी घेतो. लिहूं मात्र देत नाहीं. ती चोरून लिहिते. दुसरा उद्योग नाहीं म्हणून ती नक्षी निरखीत बसते, आणि हळूहळू त्या नक्षीच्या गजांआड एक स्त्री ओणवून सरपटतांना तिला दिसूं लागते. अखेर त्या स्त्रीला सोडविण्यासाठीं ती कागद टराटरा फाडते आणि स्वतःच जमिनीवर रांगूं लागते. दार उघडून आंत आलेला पति मूर्च्छित पडतो, तर ती त्याच्या अंगावरून रांगत जाते. या कथेंत दुष्ट असा कोणीच नाहीं, यांतच तिची भयानकता आहे. मायेनें घातलेली बेडी दिसत नाहीं, म्हणून ती तोडणेंही कठीण.

हें दुःख एका स्त्रीपुरतें नव्हे, हें बाईंनीं १८९८ सालच्या 'विमेन अँड इकॉनॉमिक्स' या ग्रंथांत तर्कशुद्ध रीतीनें मांडलें. मादीनें अन्नासाठीं नरावर अवलंबून राहावें हा प्रकार मनुष्यजातींतच आढळतो, हें त्यांचें मूळ सूत्र. पत्नी घरकाम करून आपलें पोट भरते, असें कोणी म्हणेल. त्यावर त्यांचा सवाल असा कीं, मग तिचा मोबदला कामाच्या मानानें कां नसतो? दिवसभर राबणारी गरिबाची बायको फाटक्या वस्त्रांत, आणि काडीही न उचलणारी श्रीमंताची बायको रेशमांत! म्हणजे तिची मिळकत ठरते ती कामावरून नव्हे, नवऱ्यावरून. स्वयंपाक, साफसफाई, मुलांची देखभाल हीं कामें तरबेज माणसांनीं पगार घेऊन व्यवसाय म्हणून करावीं, म्हणजे प्रत्येक स्त्रीला आपल्या आवडीचा उद्योग करतां येईल, हा त्यांनीं सुचविलेला उपाय.

या स्वातंत्र्यापायीं त्यांनीं लोकनिंदाही सोसली. १८९४ सालीं घटस्फोट झाल्यावर त्यांनीं मुलीस वडिलांकडे पाठविलें, तेव्हां वृत्तपत्रांनीं त्यांना निर्दय माता ठरविलें. तरी लेखणी थांबली नाहीं. १९०९ ते १९१६ पर्यंत 'द फोररनर' हें मासिक त्यांनीं एकहातीं चालविलें. संपादकीयापासून कादंबरीपर्यंत मजकूर स्वतःचाच. केवळ स्त्रियांच्या देशाचें कल्पनाचित्र रेखाटणारी 'हरलँड' ही कादंबरी १९१५ सालीं त्यांतच क्रमशः आली. बंदीला याहून चोख उत्तर कोणतें?

परंतु चरित्र सांगावयाचें तर पुरतेंच सांगावें. ज्या बाईंना स्त्रीच्या पायांतली अदृश्य बेडी दिसली, त्यांनींच १९०८ सालीं एका समाजशास्त्रीय नियतकालिकांत असें सुचविलें कीं, जे कृष्णवर्णीय लोक स्वावलंबनाच्या पायरीस पोंचले नाहींत, त्यांस सरकारनें सक्तीनें कामास जुंपावें. स्टोबाईंच्या कुळांतील लेखिकेनें हें लिहावें! स्वतःचें दुःख ओळखतां आलें म्हणजे परक्याचेंही ओळखतां येतेंच असें नाहीं. आणि माझ्या चुलीचा भार मी उतरवला तर तो कोणाच्या डोक्यावर जातो, हा प्रश्न आपणही विसरूं नये.

गिल्मनबाई १९३५ सालीं वारल्या आणि बराच काळ विस्मृतींत गेल्या. १९७३ सालीं ती कथा स्वतंत्र पुस्तकरूपानें पुन्हां निघाली, १९७९ सालीं 'हरलँड' प्रथमच पुस्तक होऊन आली, आणि नव्या वाचकांना त्यांची ओळख झाली.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर. मोठें तत्त्वज्ञान सांगण्याचा माझा अधिकार नाहीं. पण वर्गांतल्या हुशार मुली लग्नानंतर कधीं भेटल्या म्हणजे, 'आतां वाचायला वेळ कुठला, गुरुजी?' असें हंसत म्हणतात. त्यांच्यावर कोणी बंदी घातलेली नसते. नुसता वेळच उरत नाहीं. मिचेल यांनीं त्या आजारी तरुणीस बुद्धीसाठीं दिवसाचे दोन तास तरी मंजूर केले होते. हें भाषण ऐकणाऱ्या आपल्या घरांतून, दार लावून घेऊन निवांत वाचतां-लिहितां येतील असे दोन तास घरच्या बाईला मिळतात काय, एवढा हिशेब प्रत्येकानें आज रात्रीं आपल्यापुरता करून पाहावा.