सुरकुत्यांवर उपचार कधी सुरू करावेत?

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या महिला मंडळाने घेतलेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकू कार्यक्रमातील व्याख्यान)



आपली सोसायटी वसली तेव्हा मी सातवीत होते. आता नागपूरला त्वचारोगतज्ज्ञ म्हणून काम करते, पण पांढरकवड्याला आले की तुम्हा सगळ्यांची पोरगीच असते. मंडळाने विषय दिला होता 'त्वचेची काळजी'. विषय फार मोठा आहे. म्हणून मला लग्नात, बारशाला, अगदी तेरवीलासुद्धा बाजूला घेऊन जो प्रश्न विचारला जातो, तेवढाच आज घेते. सुरकुत्यांसाठी काही करायचं, तर ते कोणत्या वयात सुरू करायचं?

चोवीस-पंचवीसच्या मुली विचारतात, "ताई, आत्ताच बोटॉक्स घेतलं तर पुढे सुरकुत्या पडणारच नाहीत ना?" आणि साठीच्या काकू म्हणतात, "आता मले काय करा लागते पोरी, वेळ गेली." दोघींनाही मी सांगते की नुसतं वय पाहून हे ठरत नाही. ऊन, मलम आणि सुई या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिन्हींची वेळही वेगळी आहे.

आधी उन्हाचं बघू. वय वाढलं की त्वचा सैल होतेच, ते कोणालाच चुकलं नाही. पण चेहऱ्यावर जे डाग, खडबडीतपणा आणि सुरकुत्या दिसतात, त्यांत उन्हाचा वाटा फार मोठा असतो. उन्हातले अतिनील किरण त्वचेला ताठ ठेवणारे कोलॅजनचे धागे तोडतात. 2012 साली अमेरिकेतल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात 69 वर्षांच्या एका ट्रकचालकाचा फोटो छापून आला होता. त्याने 28 वर्षं मालाची गाडी चालवली. तिकडे स्टिअरिंग डावीकडे असतं, त्यामुळे खिडकीतून येणारं ऊन त्याच्या डाव्या गालावर पडायचं. चेहऱ्याची डावी बाजू उजवीपेक्षा कितीतरी म्हातारी दिसत होती. माणूस तोच, वय तेच! आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, तेव्हा नागपूर-हैदराबाद हायवेवर रोज गाडी चालवणाऱ्या काकांनी आपला उजवा गाल जरूर बघावा. काच बंद असली तरी या किरणांपैकी बरेच आत येतात.

याला उपाय आहे आणि तो तपासलेला आहे. ऑस्ट्रेलियात 55 वर्षांखालच्या 903 लोकांवर एक अभ्यास झाला, तो 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना रोज सनस्क्रीन लावायला सांगितलं, त्यांच्या त्वचेत साडेचार वर्षांत वार्धक्याची मोजता येईल अशी वाढ दिसली नाही. मनात येईल तेव्हा लावणाऱ्यांच्या तुलनेत त्यांच्यात ही वाढ 24 टक्क्यांनी कमी होती. म्हणून ही पहिली गोष्ट आजच सुरू करायची, वय काहीही असो. नातवंडांना टोपी, मुलींना स्कार्फ, वावरात जाणाऱ्या मावशीला पूर्ण बाह्यांचा सदरा आणि डोक्यावरून शेला. कापूस वेचायला जाणाऱ्या बाया पूर्वीपासून हेच करतात, त्यांना कोणत्या डॉक्टरने शिकवलं नव्हतं. सनस्क्रीन घेणार असाल तर एसपीएफ 30 किंवा जास्त घ्या, दोन बोटांवर मावेल एवढं चेहरा-मानेला लावा आणि बाहेर असाल तर दोन-तीन तासांनी पुन्हा लावा. साठीतसुद्धा उशीर झालेला नसतो.

आता मलम. 'ट्रेटिनॉइन' नावाचं 'अ' जीवनसत्त्वाच्या कुळातलं औषध आधी मुरुमांसाठी वापरत. ते लावणाऱ्यांच्या बारीक सुरकुत्याही कमी होतात हे पुढे लक्षात आलं. तिशीनंतर कोणाला काही करावंसं वाटलं, तर मी बहुधा इथून सुरुवात करते. रात्री वाटाण्याएवढं, तेही आधी एक दिवसाआड. सुरुवातीला त्वचा कोरडी पडते, सोलते. फरक दिसायला तीन ते सहा महिने लागतात. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल, तर हे औषध वापरायचं नाही. म्हणून मैत्रिणीची ट्यूब मागून आणू नका, डॉक्टरांकडून लिहून घ्या.

तिसरी गोष्ट सुई, म्हणजे बोटॉक्स. हे औषध सुरकुत्यांसाठी शोधलेलंच नव्हतं. ते तिरळेपणासाठी आणि पापण्या आपोआप मिटण्याच्या आजारासाठी वापरत. कॅनडातल्या डॉ. जीन कॅरदर्स नेत्रतज्ज्ञ होत्या. 1987 च्या सुमारास त्यांच्या एका रुग्णाच्या लक्षात आलं की डोळ्यांच्या उपचारानंतर भुवयांमधल्या आठ्याही गेल्यात. त्यांचे पती त्वचारोगतज्ज्ञ. दोघांनी मिळून त्यावर काम केलं आणि 2002 मध्ये अमेरिकेत या आठ्यांसाठी औषधाला मान्यता मिळाली. स्नायूला मिळणारा आकुंचनाचा संदेश ते काही काळ अडवतं. असर साधारण तीन-चार महिने टिकतो. थांबवलं तर आठ्या हळूहळू पहिल्यासारख्या होतात, जास्त वाईट होत नाहीत.

मग सुईची वेळ कशी ओळखायची? घरी आरशासमोर उभ्या राहा, कपाळाला आठ्या घाला, मग चेहरा सैल सोडा. रेघ पुसली गेली तर सुईची गरज नाही. चेहरा शांत असतानाही रेघ तशीच दिसते आणि ती तुम्हाला स्वतःला खटकते, तेव्हा विचार करायला हरकत नाही. मोबाइलवर पंचविशीतच सुरू करा म्हणून सांगणारे व्हिडिओ बरेचसे गोऱ्या कातडीच्या देशांतले असतात. आपल्या सावळ्या त्वचेत जास्त मेलॅनिन असतं, ते उन्हापासून थोडं संरक्षण देतं. त्यामुळे आपल्याला सुरकुत्या सहसा उशिरा पडतात. आपला त्रास आधी वांग आणि डागांचा, आणि बोटॉक्सने वांग जात नाही.

माझ्याकडे बँकेत काम करणाऱ्या एक बाई आल्या होत्या. भुवयांमध्ये दोन खोल रेघा. म्हणाल्या, "प्रत्येक जण विचारतो, मॅडम रागावल्या का? मी रागावलेली नसते हो." त्यांचा निर्णय त्यांचा होता, पैसे त्यांचे होते, मी उपचार केला. त्याच महिन्यात एक आई चोवीस वर्षांच्या मुलीला घेऊन आली. बघायला आलेल्या मंडळींपैकी कोणीतरी म्हणालं होतं, "मुलगी थोराड दिसते." मुलगी खाली मान घालून बसलेली, चेहऱ्यावर एक रेघ नव्हती. त्या दिवशी मी सुई उचलली नाही. आईला म्हटलं, काकू, उपचाराची गरज या मुलीच्या चेहऱ्याला नाही.

मैत्रिणींनो, सुरकुती हा आजार नाही. तिच्यावर काही केलं नाही तरी काही बिघडत नाही. बिघडतं ते घाईघाईत चुकीच्या हाती गेल्याने. अकोल्याची बातमी आठवत असेल, 2023 च्या सुरुवातीला वर्तमानपत्रांत आली होती. एक शिकणारी मुलगी, तिची आई आणि बहीण, तिघींनी ब्युटीशियनकडून मिळालेलं क्रीम लावलं. तिघींच्या किडन्यांना इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपास झाला तेव्हा क्रीममध्ये पारा निघाला. नियमाने अशा क्रीममध्ये दशलक्षात एका भागापेक्षा जास्त पारा चालत नाही. दुसरं संकट स्टेरॉइडच्या मलमांचं. आठ दिवसांत चेहरा उजळतो, म्हणून महिनोन्‌महिने लावतात. मग त्वचा पातळ होते, लाल होते, केस येतात आणि मलम सोडलं की आग होते. डबीवर घटक लिहिलेले नाहीत, कंपनीचा पत्ता नाही, तर ती डबी कोणी फुकट दिली तरी घेऊ नका.

सुरू करायचं ठरवलंच, तर आधी चार प्रश्न विचारा. एक, सुई कोण देणार? एमडी, डीएनबी किंवा डीडीव्हीएल अशी त्वचाविकाराची पदवी-पदविका आणि मेडिकल कौन्सिलची नोंदणी विचारायला लाजू नका. दोन, औषध कोणतं? बाटली समोर उघडायला सांगा, नाव आणि मुदत वाचा. तीन, बिघडलं तर काय? विशेषतः फिलर भरणार असतील तर. फिलर चुकून रक्तवाहिनीत गेला तर त्वचा मरू शकते, क्वचित दृष्टीही जाते. तो विरघळवणारं औषध दवाखान्यात आहे का, हे विचाराच. चार, वर्षाचा खर्च किती? एका वेळचा नव्हे, वर्षाचा. हे आपल्या सोसायटीच्या मेंटेनन्ससारखं आहे, एकदा भरून संपत नाही. नुसत्या सौंदर्यासाठीच्या उपचाराला मेडिक्लेम मिळत नाही, जीएसटी मात्र लागतो.

आणि लग्न पंधरा दिवसांवर आलंय म्हणून पहिल्यांदा काहीही करू नका. बोटॉक्सचा पूर्ण परिणाम दिसायलाच दोन आठवडे लागतात. सुई टोचल्यावर कधी निळं पडतं, कधी सूज येते. काय करायचं ते काही महिने आधी करा, नाहीतर हळद लावा आणि आनंदाने मांडवात जा.

आता तुमच्या मनातलं विचारते, "तू स्वतः काय करतेस ग?" मी सदतीस वर्षांची आहे. रोज सनस्क्रीन लावते, रात्री मलम लावते. सुई अजून घेतलेली नाही. कधीच घेणार नाही अशी शपथही घेतलेली नाही. घ्यावीशी वाटली तर घेईन, कोणी काही बोललं म्हणून घेणार नाही. माझं तुम्हालाही एवढंच सांगणं आहे. कोणी घेतली तर तिला नावं ठेवू नका, कोणी नाही घेतली तर तिला 'म्हातारी झाली' म्हणू नका.

ज्या काकूंनी माझ्या शाळेच्या दिवसांत इथे पाण्याच्या टँकरसाठी रांगा लावल्या, गेटजवळची कडुनिंबाची रोपटी जगवली, त्या आज समोर बसल्या आहेत. तुमचे चेहरे मी लहानपणापासून ओळखते. सुवर्णमहोत्सवालाही ते असेच समोर दिसावेत, निरोगी आणि हसरे, एवढी इच्छा व्यक्त करते. तिळगूळ घ्या, गोड बोला, आणि जाताना उन्हात स्कार्फ बांधायला विसरू नका.