बोरू तासताना

(मोडी लिपीच्या कार्यशाळेत शिक्षक आणि विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



संयोजकांनी मला 'मोडी वाचनातील अडचणी' हा विषय दिला होता. त्यांच्या परवानगीने मी तो थोडा वळवून घेतला आहे. मी बोरूविषयी बोलणार आहे. तो कसा निवडावा, कसा तासावा, आणि त्याने चार पाने लिहिल्यावर जुना कागद वाचणे का सोपे जाते, एवढेच. मराठीची पीएच.डी. घेतलेल्या बाईने चाकू आणि काड्या घेऊन व्यासपीठावर यावे हे काहींना विचित्र वाटेल. 'बोरूबहाद्दर' हा शब्द तसाही आपण कौतुकाने वापरत नाही.

सुरुवात माझ्या फजितीपासून करते. आमचे घराणे चार-पाच पिढ्या इंदूरचे. पणजोबांची एक कीर्द घरात होती, शके 1818 ची, म्हणजे 1896-97 ची. दहा-बारा वर्षांपूर्वी मी एका शिबिरात मोडी शिकले. तक्ता पाठ केला, बॉलपेनने दोन वह्या भरल्या, शिबिराची परीक्षाही दिली, आणि मोठ्या उत्साहाने कीर्द उघडली. नावेच्या बाजूला एक नोंद लागली ती अशी: 'घरातून मा हेरी', पुढे गाडीभाडे आणि रक्कम. 'मा' म्हणजे मारफत, असे मी ठरवून टाकले. मग हेरी कोण? महूची छावणी इंदूरला लागूनच. म्हणजे पणजोबांनी घरातून काही रक्कम छावणीतल्या कुणा हॅरी साहेबामार्फत पाठवली असणार! स्टाफरूममध्ये मी हे रंगवून सांगितले. एका सहकाऱ्याने 'यावर लेख होईल' असेही सुचवले. नशीब माझे, तो लिहिला नाही. या साहेबाकडे मी पुन्हा येणार आहे.

तक्ता पाठ असून कागद का लागत नाही, हा प्रश्न इथे बसलेल्या प्रत्येकाला पडलेला आहे. तक्त्यावरची अक्षरे सुटी असतात. कारकून सुटी अक्षरे लिहीत नसे. तो आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढून घेई आणि तिला अक्षरे लटकवत जाई, हात शक्य तितका न उचलता. त्यामुळे दोन शब्दांत फट नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, आणि 'र'सारखे अक्षर शेजारी कोण आहे ते पाहून रूप बदलते. 2014 पासून युनिकोडमध्ये मोडी आली, संगणकावर मोडीचे फाँट आले. ही मोठी सोय झाली. पण फाँटमधले अक्षरही तक्त्यातल्यासारखेच नीटनेटके. हाताच्या ओघात अक्षर कसे मोडते, ते हात चालवल्याशिवाय कळत नाही. आणि तो हात बोरूचा होता.

म्हणून मी बोरूने लिहायचे ठरवले आणि पहिली चूक दुकानात केली. डबीतला महागडा कॅलिग्राफी संच घेतला. चकचकीत निबे, पाच जाड्यांची. महिनाभर घासून अक्षर बसेना. जिथे जाड हवे तिथे बारीक, बारीक हवे तिथे जाड. शेवटी दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका वृद्ध पेंटरकाकांनी ते निब उन्हाकडे धरून पाहिले आणि म्हणाले, "ताई, ये तो अंग्रेजी का है." खरेच होते. रोमन अक्षरांत वरच्या डाव्या अंगाकडून खालच्या उजव्या अंगाकडे उतरणारी रेघ जाड येते. आपल्या बालबोधात जाड रेघ वरून उजवीकडून खाली डावीकडे उतरते. त्यामुळे आपल्या लेखणीच्या टोकाचा तिरपा काप उलटा लागतो. पारख सोपी आहे: एक मोठे शून्य काढा. ते वर डावीकडे आणि खाली उजवीकडे जाड आले, तर लेखणी आपली. वर उजवीकडे आणि खाली डावीकडे जाड आले, तर ती परत करा. देवनागरीचा काप असलेली निबे मिळतात, पण मागावी लागतात. शाळेत सुलेखनाचे वर्ग घेणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे की खरेदीआधी हे शून्य जरूर काढून पाहा. मुलांचा हात वाईट नसतो, हत्यार चुकीचे असते.

पुढे मी स्वतःच तासायला लागले. आपल्या भागात काडीची वानवा नाही. जुने भोपाळकर अभिमानाने स्वतःला 'बर्रूकट' म्हणवतात. बर्रू नावाचे उंच गवत तोडून वस्ती केलेले, असा त्याचा अर्थ. त्या बर्रूच्याही लेखण्या करत. नदी-नाल्याकाठचा देवनळही चालतो. काडी पिकलेली हवी, हिरवी नको. हिरवी वाळताना आक्रसते आणि चिरते. जाडी पेन्सिलीएवढी, पोकळी लहान, भिंत जाड. फरशीवर टाकून पाहा. टणक वाजली तर घ्या, भद्द आवाज आला तर टाकून द्या. लांबी वीतभर, आणि टोकाकडच्या भागात पेर नको. पेराजवळ तंतू वाकडे जातात, चीर सरळ जात नाही.

चाकूच्या बाबतीत काटकसर करू नका. माझा अंगठा कापला तो बोथट चाकूने. बोथट पात्याला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ते निसटते. लहान पात्याचा, घट्ट मुठीचा चाकू घ्या आणि प्रत्येक वेळी आधी दगडावर लावा. प्रथम टोकाकडे दीड इंचाचा लांब उतार काढायचा. आतला मऊ गाभा खरवडून टाकायचा. तो राहिला तर शाई पिऊन बसतो. मग दोन्ही बाजू तासून टोक हवे तेवढे अरुंद करायचे. मधोमध अर्ध्या इंचाची चीर. शाई तिच्यातून उतरते. आणि शेवटी टोक कठीण लाकडावर ठेवून एकाच दाबात तिरपा काप. दोनदा दाबलेत तर धार दातेरी होते. माझे पहिले अकरा बोरू फुकट गेले. बारावा लिहिता झाला तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता आणि दुसऱ्या दिवशी पहिलाच तास माझा होता. मोडीसाठी टोक बालबोधापेक्षा अरुंद ठेवा आणि काप कमी तिरपा. कोपरे टोचू लागले तर कागदावर घासून किंचित मारा. हात न उचलता वळणे घ्यायची असतात, टोचरा कोपरा वळणावर कागदात रुततो. कागदही गुळगुळीत हवा.

शाई तयार घेतली तरी हरकत नाही. काजळी आणि डिंक घोटून मी एकदा केली. पुन्हा करणार नाही.

आता मुद्द्यावर येते. बोरूच्या पोटात शाई फार राहत नाही. एकदा बुडवला की काही अक्षरे काळीभोर येतात, मग रंग उतरत जातो, मग पुन्हा दौत. कारकून दौतीकडे कधी वळे? शब्द संपला म्हणून नव्हे, शाई संपली म्हणून! शब्दाच्या मध्येही. हात उचलला जातो, परत टेकतो, सांधा किंचित चुकतो आणि पुढचे अक्षर एकदम गडद उमटते. बॉलपेनने शिकलेल्याला तो गडद ठिपका नव्या शब्दाची सुरुवात वाटतो. मी स्वतः लिहायला लागल्यावर माझ्या वहीत तीच लय दिसू लागली. आता मी जुना कागद हाती घेतला की आधी वाचत नाही. आधी शाई कुठे भरली आहे ते पाहत जाते आणि तिथले तुकडे मनात जोडून घेते.

याच कारणाने आंग्लकाळातले कागद वेगळे वागतात. टाक आला, टोक धातूचे आणि टोकदार झाले, जाड-बारीक गेले, वेग वाढला आणि अक्षर बारीक व गिचमीड झाले. पेशवाईतले दफ्तर वाचणारा माणूस शंभर वर्षांनी अलीकडच्या कागदाशी अडखळतो, याचे नवल वाटायला नको. म्हणून कागद हाती आला की साल शोधण्याआधी तो कशाने लिहिला आहे ते ओळखायला शिका. पुष्कळदा त्यावरून काळाचा अंदाज लागतो.

मी काही सगळ्यांनी बोरूने लिहावे असे म्हणत नाही. हे भाषणही मी संगणकावर टंकले आहे. कागदांची छायाचित्रे काढून यंत्राकडून वाचून घेण्याचे प्रयत्न सुरू आहेत, ते व्हायलाच हवेत. पण यंत्राने 'हेरी' वाचले तर ते चूक आहे हे सांगणारा कोणी लागेल. आणि इंदूर, देवास, धार, ग्वाल्हेर इथल्या जुन्या घरांच्या माळ्यांवरचे रुमाल रद्दीत जाण्याआधी कोणी उघडायला हवेत. घर पाडून फ्लॅट होताना ते पहिल्यांदा जातात.

तर हॅरी साहेब. दोन वर्षे बोरू चालवल्यावर एका सुट्टीत मी ती कीर्द पुन्हा काढली. 'मा'ची शाई फिकट, जवळजवळ संपलेली. 'हे' गडद. पणजोबांनी तिथे बोरू दौतीत बुडवला होता. शब्द एकच आहे: माहेरी. 'घरातून माहेरी', आणि गाडीभाडे. त्या काळी बायकोचे नाव घेत नसत, 'घरातून' म्हणत. पणजोबांनी बायकोला माहेरी पाठवले होते. तीन महिन्यांनी त्यांचे स्वतःचे गाडीभाडे आहे, त्याच गावचे. त्यानंतर दहाव्यापासून तेराव्यापर्यंत भिक्षुकांची दक्षिणा. पुढच्या साली लग्नाचा खर्च. त्या लग्नाची बायको म्हणजे माझी पणजी.

पणजोबांचे पहिले लग्न झाले होते, हेच आमच्या घरात कोणाला माहीत नव्हते. वंशवेलीत ती नाही. मी माझ्या नव्वदीच्या आत्याला विचारले, तिनेही मान हलवली. कीर्दीतही नाव नाही, 'घरातून' एवढेच. ती बाळंतपणासाठी गेली असावी असा माझा तर्क आहे, पण कागद तेवढे सांगत नाही आणि मीही सांगणार नाही. एक साहेब शोधून काढल्याची चूक मी आधीच केली आहे.

बाहेरच्या टेबलावर पन्नासेक काड्या ठेवल्या आहेत. घेताना फरशीवर वाजवून घ्या. चाकू तीनच आहेत, काम झाले की पुसून जागेवर ठेवा. दुपारच्या सत्रात प्रत्येकाने एक बोरू तासायचा आहे आणि पहिले शून्य काढून मला दाखवायचे आहे.