खाली दुकान, वर घर आणि परसातली विहीर

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानात सादर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाने आम्हाला विषय दिला आहे, ‘मिश्र वापराच्या इमारती आणि पर्यावरण’. नाव जड असले तरी गोष्ट ओळखीची आहे. तळमजल्यावर दुकाने, त्यावर दवाखाना किंवा बँक आणि वर फ्लॅट. बेळगावात आणि निपाणीत आज सगळीकडे अशी कॉम्प्लेक्स दिसतात. आम्ही राज्य सरकारच्या नोकरीतली डिप्लोमावाली माणसे. नकाशे आणि मोजमापे हे आमचे रोजचे काम. आज मात्र खात्याच्या वतीने नव्हे, या भागाचे रहिवासी म्हणून बोलतो आहोत.

मिश्र वापर आपल्याला नवा नाही. गणपत गल्ली, खडेबाजार या भागांत पुढे दुकान आणि मागे किंवा वर घर असेच चालत आले. शहापूर-वडगावात एका खोलीत माग आणि दुसऱ्या खोलीत संसार. निपाणीत तंबाखूच्या वखारींच्या आसपासच वस्ती. बाजार, शाळा, देऊळ सारे पायी अंतरावर. गाडी काढावी लागत नाही, धूर कमी होतो. आज जगभरचे नगररचनाकार मिश्र वापराचा हाच फायदा सांगतात आणि तो खरा आहे.

पण त्या जुन्या घरांना परसू होता आणि परसात विहीर होती. कौलांवरचे पाणी उघड्या मातीत पडे, मुरे आणि विहिरीला मिळे. १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी टिळकवाडीत खोदलेली काँग्रेस विहीर आजही आपल्यासमोर आहे. १९९० च्या दशकात टंचाई आली तेव्हा महापालिकेने जुन्या विहिरींचा गाळ काढून त्या पुन्हा वापरात आणल्या. विहीर बुजवून तिच्यावर पार्किंग केले असते, तर गाळ कुठला काढला असता?

आता थोडा हिशेब करू. दहा गुंठ्यांचा प्लॉट घ्या, म्हणजे सुमारे १,००० चौरस मीटर. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर त्या जागेवर एक लाख लिटर पाणी पडते. माती उघडी असेल तर त्यातले बरेचसे मुरते. कंपाउंडपासून कंपाउंडपर्यंत काँक्रीट आणि पेव्हर असतील तर जवळजवळ सगळे काही तासांत गटारात येते. त्याच जागेवर खाली दुकाने आणि वर २० फ्लॅट झाले, तर शंभरेक माणसे राहतील. माणशी रोज १३५ लिटर या प्रमाणाने साडेतेरा हजार लिटर पाणी लागेल. त्यातले सुमारे ८० टक्के, म्हणजे जवळजवळ ११ हजार लिटर, सांडपाणी म्हणून बाहेर पडेल. दुकाने, हॉटेल, दवाखाना यांचे वेगळेच.

कायदा काय म्हणतो? १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधकाम असेल तर आधी पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. पाणी, सांडपाणी, कचरा, वाहतूक यांचा हिशेब द्यावा लागतो. आपली दहा गुंठ्यांची इमारत साधारण २,००० चौरस मीटरची. अशा दहा इमारती एका रस्त्यावर उभ्या राहिल्या तर बांधकाम २०,००० वर पोहोचते, पण या अधिसूचनेखाली त्यांपैकी एकीलाही विचारणा होत नाही. एकेकटी इमारत नियमात बसते, पण दहांचा एकत्र भार कोणाच्याच फाइलमध्ये नसतो. आमच्या मते आपल्या शहरांचा खरा प्रश्न हा आहे.

तो भार शेवटी कुठे जातो, हे बळ्ळारी नाला सांगतो. शहराचे पाणी घेऊन तो शहापूर, वडगावच्या शिवारातून जातो. पावसाळ्यात तो पात्राबाहेर येतो आणि भातपीक पाण्याखाली जाते. शेतकऱ्यावर दुबार पेरणीची वेळ येते. ज्या बेळगावी बासमतीचा आपण पाहुण्यांपुढे अभिमानाने उल्लेख करतो, तिच्या शेतात आपल्याच फरशीवरचे पाणी जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये सखल वस्त्यांत पाणी शिरले तेव्हा हा प्रश्न शेतापुरता नाही हेही दिसले. नाल्यात गाळ आहे, अतिक्रमण आहे, हे खरेच. पण नाला कितीही साफ केला, तरी प्रत्येक प्लॉटचे पाणी एकाच वेळी सोडले तर तो किती वाहून नेणार?

आणखी एक गोष्ट, आवाजाची. २००० सालच्या नियमांत रात्रीची मर्यादा निवासी भागात ४५ डेसिबल, व्यापारी भागात ५५. मिश्र भाग कोणत्या वर्गात धरायचा हे सक्षम अधिकारी ठरवतो. म्हणजे खाली हॉटेलचा जनरेटर आणि वर परीक्षेचा अभ्यास असेल, तर कोणती मर्यादा लागू, हे फ्लॅट घेण्याआधी विचारायला हवे.

आपल्यापैकी अनेकांची जुनी घरे आज विकसकाकडे जाण्याच्या वाटेवर आहेत. भावाभावांत वाटणी झाली, मुले पुण्याला, घर पडायला आले. विकू नका असे आम्ही म्हणणार नाही. पण जागा तुमची आहे, तोवर शब्द तुमचा चालतो. करारातच चार गोष्टी लिहून घ्या. विहीर बुजवायची नाही. गच्चीचे पाणी गाळून विहिरीत किंवा शोषखड्ड्यात सोडायचे. प्लॉटचा काही भाग मातीचा ठेवायचा. पार्किंगच्या जागेत दुकान काढायचे नाही. फ्लॅट घेणाऱ्यांनी मंजूर नकाशा मागावा. मिळाला नाही तर माहिती अधिकार कायदा, २००५ आहेच. आणि गल्लीत पाचवी-सहावी इमारत येत असेल, तर गल्लीने मिळून महापालिकेला किंवा नगरपालिकेला लेखी विचारावे की या सगळ्यांचे पाणी कोणत्या गटारातून जाणार आणि त्या गटाराची क्षमता किती.

गणपतीची वर्गणी, मांडव, मिरवणूक यांसाठी गल्ली एकत्र बसतेच. त्याच बैठकीत आपल्या गल्लीत किती विहिरी आहेत आणि त्यांतल्या किती जिवंत आहेत, याची यादी करा. त्याला डिप्लोमा लागत नाही, तासभर पुरतो.