उन्हाळा, विग आणि उघडी टाळू

पनवेल तालुक्यातील खारघर येथे टाटा स्मारक केंद्राची ‘ॲक्ट्रेक’ ही कर्करोगावरील उपचार व संशोधनाची संस्था आहे. तेथे केमोथेरपी, म्हणजे झपाट्याने वाढणाऱ्या पेशी मारणारी औषधे, घेणाऱ्या अनेक रुग्णांचे केस गळतात, कारण केसांच्या मुळांतील पेशीही तशाच वेगाने वाढत असतात. येथील खाडीकाठच्या दमट हवेत घाम लवकर वाळत नाही आणि तो वाळल्याशिवाय अंग निवत नाही. त्यामुळे केस गळल्यावर घातलेला कृत्रिम धाग्यांचा घट्ट विग एप्रिल-मेमध्ये फार जाचतो. विगखाली मलमलची पातळ टोपी घालून ती ओली होताच बदलावी, घरात विग निःसंकोच उतरवावा (गॅसच्या शेगडीजवळ तर अवश्यच, कारण आचेने ते धागे वितळतात), आणि उन्हात रुंद काठाची सुती टोपी वापरावी. टाळूवर पू झालेले फोड दिसल्यास, औषधांमुळे प्रतिकारशक्ती घटलेली असल्याने, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.