परसबागेतील यशापयश

परसात, गच्चीवर किंवा दोन-चार कुंड्यांत भाजी लावणाऱ्या गृहस्थाचे यश बाजारभावाने मोजले, तर तो बहुधा तोट्यातच निघेल. बियाणे, खत, मांडवाचे बांबू आणि रोजचे पाणी यांचा हिशेब मांडला म्हणजे त्याची चार दोडकी सोन्याच्या मोलाची ठरतात. तरीही हा नाद सुटत नाही. सुटतो तो खर्चामुळे नव्हे, तर अपयशामुळे. आणि तेही पुष्कळदा नीट न ओळखलेल्या अपयशामुळे. परसबागेत काही अपयशे केवळ दिसण्यापुरती असतात, तर काही अगदी खरी असूनही मालकाला ती मान्य करवत नाहीत.

पहिल्या प्रकारात पावट्याच्या वेलाचे उदाहरण ठळक आहे. मृगाच्या पावसावर बी टोकले, आठवड्यात अंकुर वर आले, श्रावणात मांडव झाकून गेला. शेजारीपाजारी कौतुक करून जातात. पण भाद्रपद सरतो, नवरात्र येते, तरी फुलाचा पत्ता नसतो. मग घरात कुरबूर सुरू होते. कोणी म्हणते बी वांझ निघाले, कोणी म्हणते दृष्ट लागली. एखादा हौशी गृहस्थ शेणखताची आणखी एक पाटी ओततो आणि पानांचाच संसार वाढवून ठेवतो. दसऱ्याच्या साफसफाईत असे कितीतरी वेल कोयत्याखाली जातात. वस्तुतः पावटा आणि वाल यांच्या जुन्या देशी जाती रात्र मोठी झाल्याखेरीज फुलावर येतच नाहीत. दिवस लहान होऊ लागला, की त्याच वेलावर तुरे डोकावू लागतात आणि पुढे थंडीत शेंगांचे घोस लोंबतात. जो वेल दसऱ्याला कापला गेला, तो नेमका फळण्याच्या उंबरठ्यावर उभा होता.

दुध्या भोपळ्याचीही अशीच गत. पहिली फुले देठासकट गळून पडतात आणि मालक हवालदिल होतो. परंतु आरंभी येणारी फुले बहुधा नर असतात. गळणे हाच त्यांचा धर्म. मादी फूल ओळखणे कठीण नाही, त्याच्या बुडाशी इवलासा लवयुक्त भोपळा असतोच. हा भोपळा पिवळा पडून गळू लागला, तर मात्र परागीभवन झाले नाही असे समजावे. दुध्याचे पांढरे फूल संध्याकाळी उमलते आणि त्याचे काम रात्रीचे पतंग करतात. शहरातील उंच गच्चीवर हे पाहुणे फारसे फिरकत नाहीत. तेथे दिवेलागणीच्या सुमारास नर फूल खुडून, त्याच्या पाकळ्या काढून, पुंकेसर मादी फुलाच्या कुक्षीवर हलकेच टेकवावेत. तांबड्या भोपळ्याची पिवळी फुले सकाळी उमलतात, म्हणून तेथे हेच काम उन्हे चढण्यापूर्वी उरकावे लागते.

बदलीच्या निमित्ताने परप्रांतात गेलेल्या मराठी कुटुंबांना आणखी एक अनुभव येतो. कोकणातून दिल्लीस नेलेला अळूचा कंद पावसाळ्यात हत्तीच्या कानाएवढी पाने देतो. पुढे कडाक्याच्या थंडीत ती सारी पाने सुकून जातात आणि अळूवड्यांची आशा सोडून दिली जाते. पण जमिनीत कंद निजलेला असतो. ऊन तापू लागले की तो पुन्हा कोंब काढतो. उलट दिल्लीच्या त्याच थंडीत सहज येणारा वाटाणा मुंबईच्या दमट उबेत कितीही लाड केले तरी रुसलेलाच राहतो. तेथे हट्ट न धरता वाफा चवळीला द्यावा, हे बरे.

आता खऱ्या अपयशाकडे वळावे. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडून जाळीसारख्या उठून दिसू लागल्या, म्हणजे हळद्या आला. हा विषाणूजन्य रोग असून पांढरी माशी तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. रोगट झाडाला बरे करणारे औषध नाही. मोठमोठ्या संशोधन संस्थांनाही या रोगाने स्वस्थ बसू दिलेले नाही. 'पुसा सावनी' ही जात एके काळी त्याला दाद देत नसे. कालांतराने तिची ही शक्ती ओसरली. मग तिच्याच संकरातून परभणीच्या कृषी विद्यापीठाने 'परभणी क्रांती' ही जात सिद्ध केली. घरच्या बागेत मात्र पिवळट, निबर अशा दोन भेंड्यांच्या लोभाने रोगी झाड आठवडेच्या आठवडे राखले जाते आणि तेवढ्या अवधीत सारी रांग पिवळी होते. पावट्याच्या बाबतीत उतावीळ ठरलेला हात येथे अकारण दयाळू होतो. पहिले झाड दिसताच ते मुळासकट उपटणे, एवढाच येथे इलाज आहे.

वांग्याचे मात्र तसे नाही. त्याचा कोवळा शेंडा अचानक मान टाकतो, तेव्हा पाणी कमी पडले असे समजून बादल्या ओतल्या जातात. शेंडा चिरून पाहिला तर आत फिकट गुलाबी अळी सापडते. झाड उपटण्याचे कारण नाही. सुकलेल्या भागाच्या थोडे खाली कापावे, खालून नवे फुटवे येतात. कापलेला शेंडा तेवढा वाफ्यात टाकू नये, चुलीत घालावा.